घटाशेजारी दुसरा दिवा

१५ ऑक्टोबर, रविवार. पहिली माळ

घट बसले. मी पण बसले, रुसून. घटाकडे सगळ्यांचं लक्ष, माझ्याकडे कुणाचंच नाही.

भांडण नेहमीचंच, पुढच्या खोलीचं. ह्या खोलीत एका भिंतीला सासूबाईंचा देव्हारा आणि समोरच्या भिंतीला माझं टेबल. टेबलावर संगणक, प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र. बाहेर पाटी आहे, 'बलभीम ऑनलाइन सेवा केंद्र, तामलवाडी'. केंद्र चालवते मी, पण बँकेचं खातं नवऱ्याच्या नावावर, म्हणून पाटीही त्यांच्याच नावाची. रंगाऱ्यानं विचारलं होतं, खाली बारीक अक्षरांत माझं नाव, 'शिवकन्या', लिहू का? हे म्हणाले, जागा पुरायची नाही.

सासूबाईंनी सकाळीच तोंड उघडलं. "नऊ दिस तुजं टेबल पडवीत ठिव. देवीम्होरं लोकं चपला घालून येत्यात."

"आत्या, पडवीत वायर पोचत नाही."

"मग वायरीला सांग, देवी बसलीय म्हणावं."

शेवटी ह्यांनी मधोमध जुन्या साडीचा पडदा बांधला. पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे पत्रावळीवरच्या काळ्या मातीत घट, त्यावर तरवडाच्या फुलांची माळ आणि शेजारी तेलाचा दिवा. तो दसऱ्यापर्यंत विझू द्यायचा नाही, आणि घट बसलेले असताना घर रिकामं सोडायचं नाही. म्हणजे आत्या नऊ दिवस तिथून हलणार नाहीत. माझ्याकडं कोण येतं, काय बोलतं, सगळं पडद्याआडून त्यांच्या कानावर जाणार.

आणि वेळ पण कशी बघा. धाकटे दीर कृष्णराज, त्यांना हीच खोली खत-बियाण्यांच्या दुकानाला हवी आहे. ह्यांनी गणपतीतच सांगून ठेवलंय, "दसऱ्यापातूर बघू. तुजं चाललं तर ऱ्हाऊ दे. न्हाय तर खोली कृष्णाला." देवीनं महिषासुराचा निकाल नऊ दिवसांत लावला. माझाही त्याच मुदतीत लागायचाय. केंद्र गेलं तर मी परत चूल आणि खुरपं. मी मरेन, पण ही खोली सोडणार नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार. तिसरी माळ

गर्दी बरी होती. कुणाचं पीकविम्याचं, कुणाचं उत्पन्नाच्या दाखल्याचं. जिल्ह्याचं नाव बदलल्यापासून माझी करमणूक वाढली आहे. एका फॉर्मात धाराशिव निवडावं लागतं, दुसऱ्यात अजून उस्मानाबादच. लोक माझ्यावर डोळे वटारतात, जसं काही मीच ते बदललं.

आत्यांनी दारात घमेलं भरून पाणी ठेवलंय. जो येईल त्याला म्हणतात, "पाय धू, मग ये." दोघं जण पाणी बघूनच माघारी गेले. बोलले असते तर देवीसमोर भांडण झालं असतं, आणि ते पाप माझ्याच नावावर चढलं असतं.

घरात मला नावच नाही. ह्यांच्यासाठी मी 'अगं', आत्यांसाठी 'ए बाई', दिरांसाठी 'वहिनी', आणि गिऱ्हाइकांसाठी 'बलभीमची मंडळी'. जळकोटला, माहेरी, शाळेत मास्तर पूर्ण नाव घेऊन हाक मारायचे.

१९ ऑक्टोबर, गुरुवार. पाचवी माळ

लिहिते, नाही तर डोकं फुटेल.

दुपारी नागूबाई आली. वरल्या आळीची, एकटी राहते, निराधारची पेन्शन घेते. तिचा हयातीचा दाखला भरायचा होता, म्हणजे ती अजून जिवंत आहे हे सरकारला कळवायचं. फॉर्म निम्मा भरला. फोटो चढवायला गेले तर तो आकारानं मोठा निघाला, घेईना. फोटो लहान करायची साईट शोधली. एक हिरवं मोठं बटण दिसलं, ते दाबलं.

आणि संगणक बोंबललाच! सगळी स्क्रीन लाल. शिट्टी, शिट्टीवर शिट्टी, आणि एका बाईचा आवाज, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. आपका कंप्यूटर लॉक कर दिया गया है. आपकी सारी जानकारी खतरे में है. कंप्यूटर बंद ना करें. तुरंत इस नंबर पर कॉल करें. मी उंदीर हलवला तर बाण हलेना. कुठलंही बटण चालेना.

नागूबाई उडी मारून दारात. पडद्यामागून आत्या ओरडल्या, "कोण बया वरडायलीय गं? कुणाचं काय झालं?"

"काही नाही आत्या, जाहिरात आहे!" मी आवाजाची वायर उपटली. बाई गप्प झाली, पण स्क्रीन तशीच लाल. त्यावर मोठ्या अक्षरांत, बंद करू नका, बंद केल्यास सर्व फाइली कायमच्या नष्ट होतील.

सगळ्या गावाची आधारं, सातबारे, पासबुकाची पानं, पोरांच्या मार्कशिटा त्यात आहेत. लोकांनी विश्वासानं दिलेली.

नागूबाईला म्हटलं, दसऱ्यानंतर या. ती म्हणाली, "म्हंजी म्या जिती हाय का मेले, त्ये तुज्या डब्यातच आडकलं म्हण की."

एरवी मी हसले असते.

परसात जाऊन त्या नंबरला फोन लावला. लगेच उचलला. अमन म्हणून कुणी सर आहेत, कंपनीच्या सुरक्षा विभागाचे. इतका शांत आवाज! "मॅडम, घबराइए मत. आपने बहुत अच्छा किया जो तुरंत फोन किया." पहिली गोष्ट त्यांनी हीच सांगितली की, काहीही झालं तरी संगणक बंद करायचा नाही. उद्या सविस्तर बोलू म्हणाले.

संगणकावर टॉवेल टाकलाय. टॉवेलातून लाल उजेड येतो. पडद्याच्या पलीकडे आत्यांचा दिवा, अलीकडे माझा. दोन्ही विझवायचे नाहीत. देवी, हसू नकोस.

२० ऑक्टोबर, शुक्रवार. सहावी माळ

दारावर कागद लावला, 'सर्व्हर डाउन'. खोटंच, पण लोकांना पटतं, कारण एरवी ते खरंच असतं.

अमन सर बराच वेळ बोलले. चोर माझ्या संगणकातून लोकांची माहिती काढतायत म्हणे. उद्या कुणाच्या खात्यातून काही गेलं तर केस केंद्राच्या नावावर होईल. मग त्यांनीच धीर दिला. "मॅडम, आप पढ़ी-लिखी हैं, आपको समझाना आसान है." त्यांच्या बोलण्यात मॅडम, मॅडम, मॅडम. खरं सांगायचं तर भीतीतसुद्धा बरं वाटत होतं. लिहिताना लाज वाटते, पण वाटत होतं.

उपाय असा आहे, केंद्राला जोडलेलं खातं 'वेरिफाई' करायचं. खातं ह्यांच्या नावावर, बँकेचं ॲप ह्यांच्या फोनमध्ये. मी म्हटलं, "हसबंडना विचारते." सर म्हणाले, "मॅडम, जितने लोगों को बताएँगी, उतना खतरा." बरोबरच आहे. ह्यांना सांगितलं तर ह्यांच्याकडून कृष्णराजना, आणि कृष्णराजना कळलं की दसऱ्याची वाट कोण बघतो!

आता ह्यांचा फोन तासभर हातात यायला हवा, ह्यांना न कळता. हा माणूस अंघोळीला जातानासुद्धा फोन न्हाणीच्या खिडकीत, हाताशी ठेवतो.

कृष्णराज टेप घेऊन आलेच संध्याकाळी, फळ्या कुठं ठोकायच्या ते मापायला. दारातला कागद वाचून म्हणाले, "वयनी, सर्व्हर डाऊन हाय का दुकान डाऊन?"

मी काही बोलायच्या आत आत्या पडद्यातून बाहेर. "कृष्णा, घट बसल्यात का न्हाईत? मापं काय घेतूस देवीम्होरं? दसऱ्याच्या आदी ह्या खोलीत पाऊल टाकायचं न्हाय."

"आगं, नुसतं दोन मिंटं..."

"एक बी न्हाय."

ते गेले. आत्यांच्या सोवळ्यानं आज पहिल्यांदा माझं भलं झालं, त्यांच्या मनात नसताना.

नंतर बघते तर माझा टॉवेल काढून त्यांनी संगणकावर हिरवा खण टाकलाय. देवीचा, ओटीतला! विचारलं तर म्हणाल्या, "टावेल मळका हुता." देवीसमोर मळका टॉवेल चालत नसेल. माझा जीव टांगणीला आणि ह्यांना टॉवेल दिसतो.

२१ ऑक्टोबर, शनिवार. सातवी माळ

सकाळपासून लाईट नाही. डीपी जळाली म्हणे, गावचा ट्रान्सफॉर्मर.

इन्व्हर्टर लहान आहे. मी घरातले सगळे पंखे बंद केले, बल्ब काढून ठेवले, फ्रिज बंद केला. सगळी बॅटरी एकट्या संगणकाला. अंगाची लाही होत होती. आत्यांना नऊ दिवसांचा उपास, तशातच पदरानं वारा घेत दिव्यापाशी बसून. मधूनच दिव्यात तेल घालायच्या आणि पडदा बाजूला करून माझ्याकडं बघायच्या. त्यांना वाटत असेल, बाईनं उकाड्यात मारायचं ठरवलंय. विचारलं नाही एका शब्दानं, हेही खरं.

चारच्या सुमाराला इन्व्हर्टर टिटू करायला लागला. मी वेड्यासारखी आतबाहेर करत होते. अमन सरांना फोन केला, ते म्हणाले, "किसी भी हालत में बंद नहीं होना चाहिए." किसी भी हालत में! त्यांना काय माहीत आमच्याकडची हालत.

आत्या म्हणाल्या, "माज्या दिव्याला त्याल लागतंय. तुज्याला काय लागतंय?"

"करंट," मी तुटकपणे म्हटलं.

त्या उठल्या, दारात जाऊन ह्यांना हाक मारली. "बलभीमा, टॅक्टरची बॅटरी काडून आण. घटापाशी अंधार पडाय लागलाय."

"आई, दिवा हाय की."

"म्हातारीला दिव्यात दिसतंय व्हय? आण म्हन्ल्यावर आणावी."

हे कुरकुरत बॅटरी घेऊन आले, इन्व्हर्टरला जोडली. संगणक वाचला. आणि देवापाशी बल्ब लावतील म्हणून मी बल्ब आणून दिला, तर आत्या म्हणाल्या, "नगं. डोळं दुकत्यात उजेडानं." म्हाताऱ्या माणसाचं काही कळत नाही. आत्ताच अंधार होता, आत्ताच उजेड नको.

लाईट सातला आली. मी दिवसभरात काय खाल्लं आठवत नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार. आठवी माळ

ठरलं. उद्या खंडेनवमी. हे आणि कृष्णराज सकाळी बोअरवर ट्रॅक्टर धुवायला जाणार. पाण्यात भिजेल म्हणून ह्यांचा फोन घरी राहणार. अमन सर अकराला फोन करतील. अर्ध्या तासात सगळं मोकळं होईल, मग दसऱ्याला दार उघडं, पाटी पुसून, फुलांचं तोरण. कुणाला काही कळायचं नाही.

मग मला आनंद का होत नाहीये?

केसांना तीन दिवसांत फणी नाही. दोनदा भाजीत मीठ टाकलं आणि एकदा टाकलंच नाही. हे म्हणाले, "तुजं ध्यान कुटं असतंय?" मी खेकसले. ते निघून गेले.

आत्यांनी दुपारी भगर वाढून ताट माझ्यापुढं सरकवलं. "खा."

"मला उपास नाही, आत्या."

"दिसतोय की लागलेला."

मी दोन घास खाल्ले. त्यांनी विचारलं, "त्यो कोण माणूस हाय फोनवर, सारका म्याडम म्याडम करायला?" म्हणजे ऐकतात सगळं!

"कंपनीचे साहेब आहेत."

"गाव कोंचं त्याचं?"

आता हे काय विचारणं झालं? पण ह्या बाई चांभाराकडं चप्पल शिवायला दिली तरी आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग सोयरीक कुठली. मी आपलं संध्याकाळी सरांना सहज विचारलं. ते थांबले, मग म्हणाले, "हेड ऑफिस से बोल रहा हूँ, मॅडम."

आत्यांना तसं सांगितलं. त्या वाती वळत म्हणाल्या, "हेड आफिस म्हंजी गाव न्हवं."

अडाणीपणाला औषध नाही. तरी ते वाक्य सारखं डोक्यात फिरतंय.

२३ ऑक्टोबर, सोमवार. नववी माळ, खंडेनवमी

सगळं संपलं. आत्यांनी संपवलं.

जसं घडलं तसं लिहिते. अकराला सरांचा फोन आला माझ्या मोबाईलवर. ह्यांचा फोन माझ्या दुसऱ्या हातात. सरांनी सांगितलं तसं ह्यांच्या फोनवर एक ॲप उतरवलं. त्यात आलेला नंबर वाचून दाखवला. सर म्हणाले, आता मला तुमची स्क्रीन दिसते आहे. "बहुत बढ़िया, मॅडम. अब बैंक वाला ऐप खोलिए." उघडलं. सोयाबीन विकल्याचे पैसे परवाच खात्यात जमा झालेले. पिन मला माहीत आहे, ह्यांची सगळी ऑनलाइन कामं मीच करते. बोट पुढं केलं.

तेवढ्यात पडदा सरकला. आत्या. हातात हळदीकुंकवाचं ताट, आणि मागं जमिनीवर पाट मांडून त्यावर विळा, खुरपं, कुऱ्हाड, विळी ओळीनं मांडलेली.

"ए बाई, आज खंडेनवमी. आज हत्याराला इसावा."

"आत्या, पाच मिनिटं! फक्त पाच मिनिटं!"

"देवीम्होरं हत्यार चालवायचं नसतंय."

असं म्हणून त्यांनी टेबलामागं हात घातला, आणि जिथं संगणकाची, इंटरनेटच्या डब्याची, सगळ्यांची वायर एका पट्टीत येते, ती पट्टी भिंतीतून उपटली. एका झटक्यात. त्या हाताला म्हशीचा खुंटा उपटायची सवय आहे.

स्क्रीन काळी. पाच दिवस जपलेली. ह्यांच्या फोनला रिचार्ज फक्त बोलायचं, नेट घरच्या डब्यावरचं, तेही गेलं. मी किंचाळले. काय बोलले ते लिहीत नाही. सासूला असं बोलू नये, आणि देवीसमोर तर नाहीच.

आत्यांवर काही परिणाम नाही. त्यांनी माझ्या दोन्ही हातांतले दोन्ही फोन काढून घेतले. "ही बी हत्यारंच की." विळ्याच्या आणि कुऱ्हाडीच्या मधे ठेवले. दोघांवर हळद, दोघांवर कुंकू, वर एकेक तरवडाचं फूल. माझ्या फोनवर सर अजून होतेच. कुंकवाखालून आवाज येत होता. "हॅलो? मॅडम? लाइन पर हैं? मॅडम?"

आत्या खाली वाकून फोनला म्हणाल्या, "आज खंडेनवमी हाय. हत्यार बोलत नसतंय." आणि फोन पालथा घातला.

मग तो वाजत राहिला. बंद पडायचा, परत वाजायचा. थरथरत थरथरत कुऱ्हाडीच्या दांड्याला जाऊन टेकला. आत्यांनी आरती म्हटली. मी भिंतीला टेकून रडत होते.

"लावा ना ती वायर परत," मी म्हटलं.

"उंद्या. दसऱ्याला. तवर शिवायचं न्हाय," असं म्हणून टेबलापुढं पाट टाकून बसल्या.

हे आले, पूजेतला फोन बघून हसले. ट्रॅक्टरला नारळ फोडला आणि दुपारीच ट्रॅक्टर घेऊन शेताकडं गेले. ट्रॅक्टरला विसावा नाही वाटतं! संध्याकाळी त्याच विळीवर आत्यांनी स्वतः काकडी चिरली. नियम काय तो माझ्याच हत्याराला.

गावाची कागदं गेली. उद्या लोकांना काय सांगू? खोली जाणार. जाऊ दे. मला आता काही वाटत नाही. नुसती झोप येते आहे.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

काल जेवले आणि लवंडले, ती थेट सकाळी जाग आली.

आत्या चहा घेऊन उभ्या. मला, चहा. "लाव आता तुजा दिवा."

मी लावणार नव्हते. मेलेल्या माणसाचं तोंड पुन्हा बघायला जायचं कशाला? त्यांनीच पट्टी भिंतीत खोचली आणि माझ्याकडं बघत राहिल्या. बटण दाबलं.

सुरू झाला. लाल काही नाही. माझं नेहमीचं चित्र, तुळजाभवानीचं. फाइली उघडल्या. आधारं आहेत, सातबारे आहेत, मार्कशिटा आहेत. एक कागद हललेला नाही. मधे एक चौकट आली, बंद पडलेलं पान परत उघडू का म्हणून. माझं बोट त्यावर जाणारच होतं. मागं घेतलं. नको.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बंद करू नका, बंद करू नका, आणि बंद करणं हाच त्यावर उपाय. ती नुसती एक साईट होती. नुसतं चित्र आणि शिट्टी. पाच दिवस मी एका चित्राला जपत बसले, ट्रॅक्टरची बॅटरी लावून.

दहाला फोन वाजला. कुंकू पुसून उचलला. "मॅडम, कल क्या हुआ?"

"संगणक चालू झाला. काही गेलं नाही."

"किसने बोला था बंद करने को?"

"सासूबाईंनी."

मग तो जे बोलला! मला, आत्यांना, आमच्या गावाला. तोच शांत आवाज, पण शब्द गटारातले. एवढ्या शिव्यांमध्ये मॅडम एकदाही नाही. मी फोन ठेवला. त्या एका शब्दावर मी ह्यांच्या फोनची किल्ली त्याला देणार होते. एवढी भुकेली होते मी?

लपवता आलं असतं. पण ते ॲप ह्यांच्या फोनमध्ये तसंच होतं. ह्यांना पडवीत बसवून सगळं सांगितलं. नेमके कृष्णराज पण होते. टेप खिशातच होती त्यांच्या.

हे म्हणाले, "माज्या फोनात?" ॲप काढून टाकलं. बँकेच्या नंबरावर फोन केला, खातं जिथल्या तिथं होतं. फसवणुकीची तक्रार घेतात त्या १९३० वर मीच फोन लावला, अमनचा नंबर दिला. ठेवताच हे म्हणाले, "घरात शिकलेली तू. आन् तूच असं करावंस?"

कृष्णराज हळूच म्हणाले, "दादा, मग खोलीचं काय ते आजच..."

तेवढ्यात फाटकातून हाक आली. नागूबाई, डोक्याला पदर, हातात आपट्याची पानं. "हाय का कुणी? माजा दाखला ऱ्हायलाय."

आत्या उंबऱ्यात बसल्या होत्या. दोन्ही लेकांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्याडम हायती की आत. चपला भाईर काड आन् ये."

मी डोळे पुसले आणि आत गेले.

फॉर्म पहिल्यापासून भरला. नागूबाईचा अंगठा यंत्र घेईना, खुरपून खुरपून रेघाच राहिल्या नाहीत. आत्यांनी पदरानं तिचा अंगठा पुसला, फुंकर मारली, आणि स्वतः धरून यंत्रावर दाबला. हिरवी खूण आली.

"जिती हाय का म्या?" नागूबाईनं विचारलं.

"जित्या हायसा," मी म्हटलं. तिनं मला सोनं दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. बाहेर कृष्णराज ह्यांना सांगत होते की, तसं पलीकडच्या गोठ्याला शटर बसवलं तरी दुकान होऊ शकतं.

भाकरी थापताना आत्यांना विचारलं, "खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं, मग ट्रॅक्टर कसा गेला?"

त्या म्हणाल्या, "टॅक्टर काय पाच दिस उपाशी नव्हता."

मला आधी कळलंच नाही. मग एकेक आठवायला लागलं. खण, बॅटरी, भगर, टेपवाल्या दिराला दारातून माघारी. तव्यावरची भाकरी करपली. आत्या म्हणाल्या, "ध्यान कुटं असतंय तुजं?" आणि ती करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. नऊ दिवसांचा उपास त्यांनी तिच्यावर सोडला.

संध्याकाळी घट उठले. घटाच्या मातीत उगवलेलं पिवळं-हिरवं धन ह्यांनी टोपीत खोचलं, कृष्णराजनी खिशात, आत्यांनी एक जुडी माझ्या वेणीत खोवली. दिव्यातलं तेल आता कुणी घालत नव्हतं. वात बारीक बारीक होत आपोआप गेली. मी संगणकाचं बटण दाबलं, तोही गेला. पडद्याची साडी सोडायला आत्या स्टुलावर चढत होत्या, त्यांना खाली उतरवलं आणि मी चढले.

खालून त्यांनी विचारलं, "इझवलास का तुजा?"

"व्हय," मी म्हटलं.